पोरांसाठी हातगाडी करून घेतली, पाच महिने वापरली, तिचा (आणि फॅब्रिकेटरचा) रिव्ह्यू

आधीच सांगते, ही कुठल्या कंपनीची गाडी नाहीये, त्यामुळे लिंक मागू नका. पुण्यात शिवणे गावाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधे ग्रिल, सेफ्टी डोअर, टाकीचे स्टँड असली कामं करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडून मुलांना बसवून ढकलायची गाडी करून घेतली. नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि माणूस वाईट नाही हो.

घरात मुलं दोन. थोरला साडेचार वर्षांचा, १५ किलो. धाकटी दीड वर्षाची, पावणेदहा. रविवारी भाजी आणायला निघालं की थोरला जाताना उड्या मारत जातो आणि येताना बरोब्बर अर्ध्या रस्त्यात "पाय दुखले" म्हणून बसकण मारतो, धाकटी कडेवर, दुसऱ्या हातात आठ किलोची पिशवी, आणि नवरा म्हणे गाडी काढू का. सहाशे मीटरसाठी कार काढायची, मग पार्किंग शोधायचं सव्वा किलोमीटर लांब. नको.

थोरल्याच्या वेळी नऊ हजाराचा स्ट्रोलर घेतला होता. मॉलच्या फरशीवर असा चालायचा की बास, एका बोटाने वळायचा. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक अडकलं की जागच्या जागी नाक खुपसून उभा. सहा महिन्यात चाकाचं प्लास्टिक तडकलं, सुटं चाक मिळत नाही, अख्खा सांगाडा अजून माळ्यावर पडून आहे. मैत्रिणीकडे ती घडी होणारी कापडी वॅगन आहे, आठेक हजाराची, ती एक दिवस आणून पाहिली. सामानाला ठीक आहे. मुलं बसली की कापडी तळ मधे झोळीसारखा लोंबतो आणि दोघं घरंगळत एकमेकांच्या अंगावर, मग भांडणं. नणंद नेदरलँड्समधे आईंदहोवनला असते, तिने तिकडच्या बोल्डरकारचा फोटो पाठवला, लाकडी खोका, चार जाड हवेची चाकं, दोन पोरं आणि वर किराणा. माझ्या डोक्यात तिथेच किडा शिरला. सासूबाईंना (मी त्यांना आईच म्हणते) दाखवला तर म्हणाल्या हे काय, आपला पांगुळगाडाच की, फक्त आडवा केलाय.

मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे, नोकरी भलतीच करते, पण चाकाचं गणित अजून येतं. लाईट बिलाच्या पाठीवर केलं. अडीच सेंटीमीटरचा उंचवटा आला, म्हणजे आपल्याकडे कुठलाही उचकटलेला पेव्हर ब्लॉक, तर ५ इंची चाकाला तो चढायला त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या सव्वापट ते दीडपट जोर आडवा लावावा लागतो. तेच १२ इंची चाक असेल तर वजनाच्या दोन तृतीयांश. म्हणजे ५ इंचीच्या सरळ निम्मा. ह्यात सस्पेन्शन नाही, महागडं बेअरिंग नाही, काही नाही, फक्त चाक मोठं. स्ट्रोलरवाले चाक छोटं ठेवतात कारण घडी घालून डिकीत मावलं पाहिजे, आणि मग रस्ता नावाची गोष्ट विसरतात.

१२ इंची हवेची चाकं स्वस्तात कुठे मिळतात? लहान मुलांच्या सायकलला! ती सायकल दोन वर्षात छोटी होते आणि मग प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमधे कोपऱ्यात गंजत पडते. भंगारवाल्याकडून अशी एक सायकल साडेतीनशेला उचलली, दोन चाकं मिळाली, रिम सरळ होत्या. टायर ट्यूब नवीन टाकले. लाकूड पॅकिंगच्या पॅलेटचं, पाईनवूड. इथे एक गोष्ट बघा, परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि दोन अक्षरांचा शिक्का असतो. एचटी म्हणजे नुसतं तापवून कीड मारलेलं लाकूड, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीवालं घेऊ नका, पोरं कडा चावतात. शिक्काच नसलेलं असेल तर त्यावर काय काय सांडलंय देव जाणे. मला ढिगातून एचटीच्या पाच फळ्या निवडायला अर्धा तास लागला, पॅलेटवाल्याकडचा पोरगा वैतागून म्हणाला मॅडम चूल पेटवायची ना.

आता फॅब्रिकेटर. काका कामाला पक्के पण वेळेचं नाव काढू नका. जूनमधे ऑर्डर दिली, आठ दिवस म्हणाले. मग पालखी आली आणि त्यांचा वेल्डर वारीला गेला, तो आषाढी करूनच परत. फोन केला की "ताई उद्या नक्की". चोवीस दिवस लागले. वारीला गेला म्हणल्यावर घरी कोणी बोलायला पण तयार नाही, आई उलट म्हणाल्या पुण्य लागेल गाडीला.

ड्रॉइंग मी दिलं होतं, मापं टाकून, त्याचा कागद काकांनी चहाच्या ग्लासाखाली ठेवला आणि मापं खडूने भिंतीवर लिहून घेतली. आतून ८५ बाय ४८ सेंटीमीटर, कडेची उंची ३०. मला हलकी हवी होती म्हणून २५ बाय २५ एमएमचा चौकोनी पाईप १८ गेजचा सांगितला (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ), काका म्हणे १६ पेक्षा पातळला मी हात लावत नाही. मी म्हणलं काका १६ गेजला मीटरमागे सव्वा किलोच्या जवळ वजन पडतं, १८ ला ९०० ग्रॅम, आठ मीटर पाईप लागणार म्हणजे सव्वादोन किलोचा फरक आहे आणि ती गाडी मी ढकलणारे तुम्ही नाही. ते हसले. पण त्यांचंही खरं होतं, त्यांच्याकडे साधं आर्क वेल्डिंग, पातळ पाईपला जरा रॉड टेकला की भोक पडतं. शेवटी तोड निघाली, खालचा सांगाडा १६ चा आणि वरचे कठडे १८ चे, बारीक रॉडने. कठड्याला एका ठिकाणी भोक पडलंच, त्यांनी ते भरून ग्राईंड केलंय, बोट फिरवलं तर कळतं, दिसत नाही. एकूण गाडी १४ किलो झाली. जड आहे. हे मायनस.

कठड्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मी सहा सेंटीमीटरच्या आत ठेवायला लावलं, बाळाच्या पाळण्याच्या दांड्यांना पण साधारण हाच नियम असतो, म्हणजे अंग बाहेर आणि डोकं अडकलं असं होत नाही. काकांनी सवयीने खिडकीच्या ग्रिलचं माप धरलं होतं, ते उघडून परत करावं लागलं, आणि त्याचे त्यांनी पैसे लावले नाहीत हे पण लिहायला पाहिजे.

पहिला मोठा घोळ चाकांचा. सायकलचं चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेलं असतं, त्याचा आख बारीक असतो तो त्यामुळेच चालतो. काकांनी काय केलं, सांगाड्याला बाहेरून एक बोल्ट वेल्ड केला आणि चाक त्यावर एका बाजूने लटकवलं. दिसायला झकास. आठ दिवसात दोन्ही चाकं वरून आत झुकली आणि खालून बाहेर, फेंगड्या पायांसारखी. माझे सासरे, म्हणजे बाबा, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेत, ते गॅलरीत चहा पीत होते, वरूनच म्हणाले आख वाकलाय. परत शिवणे. मग बाहेरून पट्टी देऊन दोन्हीकडून आधार दिला आणि आख म्हणून १२ एमएमचा ब्राईट बार (गुळगुळीत पोलादी सळई), ६००१ नंबरचं बेअरिंग. तेव्हापासून एकदाही कुरकुर नाही. पण त्या बाहेरच्या पट्टीमुळे गाडीची रुंदी ७० झाली. आमच्या लिफ्टचं दार ८० चं आहे म्हणून निभावलं, तुम्ही करणार असाल तर आधी लिफ्टचं दार मोजा, मग बाकी सगळं.

दुसरा घोळ आमचा स्वतःचा. मोठी चाकं मागे, छोटी फिरती चाकं पुढे, दांडा मागे, ढकलायची. मागचा आख मी गाडीच्या मधोमध आणायच्या नादात जरा जास्तच पुढे घेतला, म्हणजे दांडा थोडा दाबला की पुढची चाकं उचलली जातील आणि फूटपाथ चढणं सोपं. बाबा बघून म्हणाले उलाळ होईल. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की गाडी मागे कलते आणि जू वर उचललं जातं, ती उलाळ. पुढे जास्त झालं की धुरजड, मग सगळा भार बैलाच्या मानेवर. मी म्हणलं बाबा इथे बैल मीच आहे, चालेल. पहिल्याच रविवारी दांड्याला कांदे बटाट्याची पिशवी अडकवली, थोरला मागच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि गाडी शांतपणे मागे कलली, पुढची चाकं हवेत, धाकटी टाळ्या वाजवतेय. मी मागेच होते म्हणून पोटावर घेतली. आख ११ सेंटीमीटर मागे घेतला. आता फूटपाथ चढवायला दांड्यावर जरा जास्त रेटा द्यावा लागतो पण उलाळ होत नाही, आणि दांड्याला पिशवी अडकवायची नाही असा घरात कायदा आहे. पिशवी गाडीत, पायापाशी.

फूटपाथवरून आठवलं. फूटपाथची उंची १५० एमएमच्या वर नको असं आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) नियमात आहे. माझ्या चाकाची त्रिज्या बरोब्बर १५ सेंटीमीटर. म्हणजे अगदी नियमाप्रमाणे बांधलेला फूटपाथ असला तरी हे चाक तो आपलं आपण चढूच शकत नाही, उंची त्रिज्येइतकी झाली की नुसत्या ढकलण्याने काही होत नाही, उचलावंच लागतं. आणि आमच्याकडचे फूटपाथ काही १५ वर थांबत नाहीत. जेएम (जंगली महाराज) रोडवर मात्र उतार आहेत, तिथे एकदा मुद्दाम घेऊन गेलो, दोन्ही पोरं झोपली गाडीत! आमच्या भागात मी सरळ रस्त्याच्या कडेने चालते आणि हॉर्न खाते. खड्डा आला की गाडी फिरवायची आणि ओढायची, ही ट्रिक लक्षात ठेवा, ढकलताना तुमचा जोर पुढच्या चाकांना जमिनीत दाबतो, ओढताना उचलतो.

पुढची छोटी चाकं हा ह्या गाडीतला सगळ्यात फालतू भाग. काकांनी कुठलीतरी ५ इंची लावली, साडेचारशेला जोडी, बेअरिंग नाही, नुसती नळी. पंधरा दिवसात त्यात चिखल, केस, कोथिंबिरीची काडी, सगळं गुंडाळलं गेलं आणि एक चाक फिरायचंच बंद झालं, घासत जायचं. मग बोहरी आळीत (हार्डवेअरचा बाजार) जाऊन ८ इंची रबराची घेतली, साडेसहाशे. हे आधीच केलं असतं तर.

रंगाचं पण सांगते, हे कोणी लिहीत नाही. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागात ९० भाग) वर नको असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण तो घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगांना. फॅब्रिकेटरकडे जो इंडस्ट्रियल इनॅमलचा डबा पडलेला असतो त्याला तो लागू नाही. काकांचा हात त्याच डब्याकडे गेला, छान पोपटी होता. मी घरूनच आपला साधा घरगुती ऑइल पेंटचा डबा नेला, लेबल वाचून घेतलेला. लाकडाला रंग नाही, कच्चं जवसाचं तेल. आता जुलै महिन्यात जवसाचं तेल लावायचं ही माझी अक्कल, आठवडाभर वाळेना, घरभर वास, आई म्हणे चटणी तरी केली असतीस. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका बरं का, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा. पाच महिन्यांनी लाकूड थोडं काळवंडलंय, एका फळीला बारीक चीर आहे, बाकी टुणटुणीत.

आऱ्यांमधे बोटं जाऊ नयेत, ओढणी अडकू नये म्हणून चाकांना आतून झाकण पाहिजे. त्यासाठी गल्लीतल्या एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स मिळाला, गोल कापून बांधला. छापील बाजू आत ठेवली होती पण डाव्या चाकावर नवऱ्याने उलटा लावला, त्यामुळे गाडी चालली की साहेब नमस्कार करत गोल गोल फिरतात. पोरांना इतकं आवडलंय की आता बदलता येत नाही.

ब्रेक. व्हीलचेअरला असतात तसले टॉगल ब्रेक, खटका ओढला की टायरवर दाबून बसतात. एकदम मस्त, एका अटीवर, टायरमधे हवा पाहिजे. ऑगस्टमधे सोसायटीच्या रॅम्पवर ब्रेक लावून मी चपलेचा बंद लावायला वाकले आणि गाडी हळूच निघाली. हवा कमी झाली होती, टायर बसला आणि ब्रेकचं रबर टायरला नुसतं टेकत होतं. वॉचमन काकांनी पाय घातला पुढे. मुलं आत नव्हती, फक्त दूध होतं, पण त्या दिवसापासून हाताच्या मनगटाला अडकवायचा पट्टा शिवलाय आणि दर रविवारी सकाळी पंप मारल्याशिवाय निघायचं नाही. उतारावर बाबा अजूनही चाकाखाली दगड लावतात, मी आधी हसायचे, आता हसत नाही.

लोक काय म्हणतात तो पण रिव्ह्यूचा भाग आहे. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं "काय गं, भाजी विकायला लागलीस की काय" आणि नंतर दोन आठवड्यांनी सिलेंडर न्यायला मागायला आल्या. सोसायटीच्या कमिटीने लिफ्टमधे आडवी नेऊ नका अशी चिठ्ठी लावली, मग मी आत गाडी उभी करून भिंतीला टेकून ठेवते, दांडा खाली पडतो, जागा एका सायकलपेक्षा कमी. भाजीवाल्या मावशींनी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून आख बघितला, चाक फिरवून बघितलं आणि विचारलं कितीला पडली. त्यांना पोरांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना ते १२ इंची चाक हवं होतं.

आणि गणपती. आईंना आधी पटत नव्हतं, बाप्पा काय हातगाडीवरून आणायचा. मग स्वतःच आत पाट ठेवला, त्यावर लाल कापड, कडेने उशा लावल्या, थोरला टोपी घालून दोन्ही हातांनी मूर्ती धरून मागे बसला, आणि नवरा इतका हळू ढकलत होता की मागून ढोलवाले ओव्हरटेक करून गेले. एरवी रिक्षात मांडीवर मूर्ती घेऊन प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव मुठीत धरायचा, ह्या वेळी बाप्पाच्या बोटाला सुद्धा धक्का नाही. त्यानंतर आई गाडीला गाडी म्हणत नाहीत, "आपला रथ" म्हणतात.

खर्च: पाईप आणि मजुरी १९००, चाकं टायर आख बेअरिंग मिळून ९००, पॅलेट ४००, रंग आणि तेल ३५०, पहिली फालतू छोटी चाकं ४५०, पट्टे आणि ब्रेक मिळून ३००, म्हणजे ब्रेक भंगारातल्या व्हीलचेअरचे म्हणून इतके स्वस्त, आणि गादी ५००. ४८०० झाले. वरून नवीन छोटी चाकं ६५०. ५४५० धरा. माझ्या हेलपाट्यांचं पेट्रोल धरलं तर जरा वर जाईल, पण पाच महिन्यात जे जे बिघडलं ते सगळं गल्लीतल्या सायकलवाल्याकडे किंवा घरी पान्याने दुरुस्त झालं, एकदाही कस्टमर केअरला फोन नाही. पंक्चर दोनदा.

कोणी करू नये: ज्यांच्याकडे लिफ्ट नाही त्यांनी, १४ किलो जिन्यावरून रोज चढवणं शक्य नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पण बसवू नका, मान धरली तरी रस्त्याचे हादरे बसतातच, हवेची चाकं असली म्हणून काय ती पालखी नाहीये. पट्टा धाकटीला कंपल्सरी, थोरला वाटाघाटी करतो.

गाडीला पाचपैकी चार. काकांना कामाचे चार, वेळेचा एक. भिंतीवर खडूने लिहिलेली माझी मापं त्यांनी अजून पुसलेली नाहीत, मागच्या आठवड्यात ब्रेकचा स्क्रू बदलायला गेले तर त्याखाली अजून दोन फोन नंबर लिहिलेले, "ताईंच्या गाडीसारखी" असं. जाणार असाल तर छोटी चाकं स्वतःची न्या, रंग स्वतःचा न्या, आख दोन्ही बाजूंनी धरायला सांगा, ॲडव्हान्स निम्माच द्या. आणि गुरुवारी जाऊ नका, लाईट नसते.